दहा लाखांत सव्वादोन

२०२४ साली अमेरिकेत सुमारे ३८ लाख ८० हजार वेळा माणसांनी विमानाच्या दारातून हवेत उडी घेतली. त्यांपैकी ९ उड्या प्राणघातक ठरल्या. ‘युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन’ ही संस्था १९६१ पासून या नोंदी ठेवते आहे. इतका कमी दर तिच्या दप्तरात तोवर कधीच नोंदला गेला नव्हता.

भागाकार केला की दर ४ लाख ३१ हजार उड्यांमागे एक मृत्यू, असं उत्तर येतं. एका माणसाने एकही खाडा न करता रोज एक उडी मारायची ठरवली, तर हा आकडा गाठायला त्याला जवळपास ११८० वर्षं लागतील. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे मोजणी संपत आली असती.

हा खेळ नेहमीच इतका सुरक्षित नव्हता. १९६१ मध्ये अमेरिकेत १४ जण गेले, आणि तेव्हा उड्या मारणारी माणसं आजच्या मानाने मूठभर होती. १९७०च्या दशकात वर्षाला सरासरी ४२ ते ४३ मृत्यू होत. पुढे साधनं बदलली. बिल बूथ यांनी तयार केलेल्या तीन कड्यांच्या जोडणीमुळे बिघडलेलं मुख्य पॅराशूट एका ओढीत सोडून देता येऊ लागलं. गोल पॅराशूटच्या जागी पंखासारखं, दिशा देता येणारं चौकोनी पॅराशूट आलं. १९९१च्या सुमारास ‘सायप्रेस’ नावाचं छोटं यंत्र बाजारात आलं. ते हवेचा दाब मोजत राहतं आणि माणसाने काहीच केलं नाही, तर राखीव पॅराशूट आपणहून उघडतं.

जोखीम मोजण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी एक एकक सुचवलं, मायक्रोमॉर्ट. एक मायक्रोमॉर्ट म्हणजे मृत्यूची दहा लाखांत एक शक्यता. या मापाने २०२४ मधली अमेरिकेतली एक उडी सुमारे २.३ मायक्रोमॉर्टची, म्हणजे दहा लाखांत सव्वादोन.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. १४० कोटींनी भागलं, तर सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाला १२० मायक्रोमॉर्ट येतात, म्हणजे दर तीन दिवसांना एक. थोडक्यात, विमानातून मारलेली एक उडी आणि भारतीय रस्त्यांवर काढलेला एक आठवडा यांची जोखीम जवळपास सारखी आहे. पण या तुलनेवर थांबलं, तर फसगत होते. आठवड्याची जोखीम सात दिवसांत पसरलेली असते, उडीची सहा-सात मिनिटांत उरकते. शिवाय हौशी माणूस एका उडीवर थांबत नाही. वर्षाला २०० उड्या मारणाऱ्याच्या खात्यावर ४६० मायक्रोमॉर्ट जमा होतात, आपल्या रस्त्यांच्या वार्षिक हिशेबाच्या जवळपास चौपट. पेनसिल्व्हेनियाचे डॉन केल्नर यांनी आयुष्यात ४६ हजारांहून अधिक उड्या मारल्या. २०२४च्या कमी दरानेही तेवढ्या उड्यांची एकत्रित जोखीम दहा टक्क्यांच्या आसपास जाते. केल्नर यांच्या बऱ्याचशा उड्या तर दर याहून जास्त असलेल्या काळातल्या होत्या.

मृत्यू दुर्मीळ, पण दुखापत तशी नाही. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत दर दहा हजार उड्यांमागे साधारण पाच ते आठ वेळा डॉक्टरकडे जावं लागेल अशी इजा होते. स्वीडनमध्ये १९९९ ते २००३ या काळातल्या ५ लाख ३९ हजार ८८५ उड्या तपासल्या गेल्या, तेव्हा जीवावर न बेतलेल्या २५७ दुखापती सापडल्या, म्हणजे लाखामागे ४८. पाय, पाठीचा कणा आणि खांदे हीच त्यांची मुख्य ठिकाणं. शिकाऊ लोकांना दुखापत जास्त वेळा होत होती, पण सर्वांत गंभीर दुखापती परवानाधारकांच्या होत्या. शिकवण्याच्या दोन पद्धतींपैकी एकीत दुखापतीचं प्रमाण दुसरीच्या निम्म्याहूनही कमी निघालं. आकाश तेच, देश तोच, फरक शिकवण्याचा होता.

आता हीच हवा आणि हेच गुरुत्वाकर्षण ठेवून विमान काढून टाकू. नॉर्वेतल्या क्येराग कड्यावरून १९९५ ते २००५ या काळात मारलेल्या २०,८५० बेस जंप उड्यांचा अभ्यास झाला. त्यांत ९ मृत्यू झाले, म्हणजे २,३१७ उड्यांमागे एक. २०२४ मधल्या अमेरिकेतल्या दराच्या हे सुमारे १८५ पट आहे. इथे कातळ जवळ असतो, उंची कमी असते आणि राखीव पॅराशूट सहसा नसतंच. पहिला बेत फसला, तर दुसऱ्यासाठी वेळ उरत नाही. विमानातून उडी मारणाऱ्याला उंचीमुळे हाच वेळ मिळतो.

तो किती मिळतो, ते सेकंदांत पाहू. साधारण १४ हजार फुटांवर विमान सोडलं की पहिले हजार फूट पडायला सुमारे दहा सेकंद लागतात. मग वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत संपतात. पाच हजार फुटांपर्यंत पोहोचायला एक मिनिट पुरतं. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही, तर ते सोडून राखीव उघडण्याचा निर्णय कोणत्या उंचीपर्यंत घ्यायचा, हे अमेरिकन संस्थेने ठरवून दिलं आहे. शिकाऊ आणि पहिल्या पायरीच्या ‘ए’ परवानाधारकांसाठी ती उंची अडीच हजार फूट आहे. मुक्तपणे पडणाऱ्या माणसासाठी तिथून जमीन फक्त १४ सेकंद दूर असते. अनुभवी माणसासाठीच्या ‘सायप्रेस’ची वेळ साधारण ७५० फुटांवर येते, आणि तिथे हातात चार सेकंदांहून थोडंच जास्त उरतं.

मुख्य पॅराशूट बिघडण्याचं प्रमाण हजार उड्यांमागे साधारण एक धरू. मग हजार उड्या मारणाऱ्या शंभर जणांपैकी त्रेसष्ट जणांवर तो प्रसंग कधी ना कधी येणारच. म्हणून जाणती माणसं बिघाड होईल असं धरूनच चालतात. जमिनीवर पट्ट्यांत लटकून ‘पाहा, धरा, ओढा’ हा सराव पुन्हा पुन्हा करतात. अमेरिकेत राखीव पॅराशूट दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरकडून तपासून नव्याने बांधून घ्यावं लागतं, मधल्या काळात एकदाही वापरलं नसलं तरीही.

इतकी तयारी करूनही माणसं मरतात, आणि त्यांतला मोठा वाटा पॅराशूट व्यवस्थित उघडलेल्यांचा असतो, ही या आकडेवारीतली सर्वांत हादरवणारी गोष्ट आहे. डोक्यावर पूर्ण फुललेलं, निर्दोष पॅराशूट असतं आणि माणूस जमिनीवर आपटतो. यामागचं गणित साधं आहे. सामानासह ७७ किलोच्या माणसाने २३० चौरस फुटांचं पॅराशूट सोडून ११५ चौरस फुटांचं घेतलं, तर वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो आणि धडकेची ऊर्जा दुप्पट होते. लहान पॅराशूट जमिनीजवळ जोरात वळवलं की ते सूर मारतं. वेगासाठी मुद्दाम वळवलेलं असो की समोर कुणी आल्यावर घाबरून, गमावलेली उंची परत मिळत नाही.

फेलिक्स बाउमगार्टनर यांनी २०१२ मध्ये सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली, ताशी १,३५७ किलोमीटर वेग गाठला आणि पायांवर सुखरूप उतरले. २०२५च्या जुलैमध्ये इटलीत पॅरामोटर, म्हणजे इंजिन लावलेलं पॅराग्लायडर, उडवताना झालेल्या अपघातात ते गेले. उंचीची भीती आपल्या अंगात मुरलेली आहे, पण या खेळांत खरी काळजी जमिनीजवळच्या शेवटच्या काही मीटरांची करायला हवी.

साधनं जितकी सुरक्षित होतील तितकी माणसं जास्त जोखीम घेतील आणि मृत्युदर तिथेच राहील, असा नियमच बिल बूथ यांनी मांडला होता. बराच काळ तो खरा वाटत राहिला. अलीकडची आकडेवारी मात्र त्याला खोटं पाडते आहे, आणि मला यात मोठी आशा दिसते. ‘बी’ परवान्यासाठी पॅराशूट चालवण्याचा वेगळा अभ्यास सक्तीचा झाला. विंगसूट, म्हणजे पंखांसारखा पोशाख, घालण्याआधी किमान २०० उड्यांची अट आली, आणि डोक्यावर कॅमेरा लावण्यासाठीही तेवढ्याच अनुभवाची शिफारस आहे. ‘ए’ परवानाधारकाने ६० दिवस उडी मारली नसेल, तर आधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एक उडी मारावी, असं सांगितलं जातं. यंत्रांनी वाचवलेला वेळ माणसांनी पुन्हा उधळू नये, यासाठीच हे सगळे नियम आहेत.

म्हणून ‘दहा लाखांत सव्वादोन’ हा आकडा कुणा एका माणसाचा नाही. मोठं पॅराशूट वापरणारा, वारा वाढला की खालीच थांबणारा, दर वेळी पट्टे तीनदा तपासणारा माणूस सरासरीच्या खाली राहतो. दुसरा कुणी त्याच विमानातून उडी मारतो आणि सरासरीच्या कितीतरी वर जातो. दोघांना एकच आकडा सांगणं म्हणजे एकाला उगाच घाबरवणं आणि दुसऱ्याला खोटा दिलासा देणं.

परदेशी सहलीत प्रशिक्षकाला बांधून एकदा टॅंडम उडी मारणारे मराठी पर्यटक आता कमी नाहीत. अमेरिकेतल्या दीर्घकालीन नोंदींनुसार अशा साधारण पाच लाख उड्यांमागे एका पर्यटकाचा मृत्यू होतो. तिथे निर्णय प्रशिक्षक घेतो. आपण प्रश्न विचारू शकतो, आणि ते विचारलेच पाहिजेत. प्रशिक्षकाचं टॅंडमचं प्रमाणपत्र कोणतं? राखीव पॅराशूट आपणहून उघडणारं यंत्र आहे का? राखीव पॅराशूट शेवटचं कधी बांधलं? वाऱ्याचा वेग किती झाला की उड्या थांबवता? उत्तर देताना कुणी टाळाटाळ केली, तर पैसे बुडाले तरी परत फिरावं. वाऱ्यामुळे उडी रद्द झाली, तर चिडू नये, त्या माणसावरचा विश्वास वाढवावा. रद्द केलेल्या उड्या कोणत्याही तक्त्यात मोजल्या जात नाहीत. पण २०२४ मध्ये मृतांचा आकडा नऊवर थांबला, त्यात त्यांचाही वाटा आहे.