खेर आयोगाच्या दोन भिन्नमतपत्रिका

राजभाषेच्या वादाचा इतिहास सांगताना आपण थेट १९६५ च्या मद्रासवर येतो. त्याच्या दहा वर्षं आधी एक आयोग देशभर हिंडून लोकांचं म्हणणं ऐकत होता आणि त्याचे अध्यक्ष आपले बाळासाहेब खेर होते, हे महाराष्ट्रातही फारसं कुणाला आठवत नाही.

राज्यघटनेच्या ३४४ व्या कलमानुसार जून १९५५ मध्ये हा आयोग नेमला गेला. त्यात निरनिराळ्या भाषांचे प्रतिनिधी होते. पुण्याच्या राष्ट्रभाषा चळवळीतले गो. प. नेनेही होते. काळ मोठा कठीण होता. राज्य पुनर्रचनेचा अहवाल त्याच सुमारास आला आणि जानेवारी १९५६ मध्ये खेरांच्याच मुंबईत गोळीबारात माणसं मेली. अशा दिवसांत भाषेबद्दल साक्षी घेत फिरायला धीर लागतो. तो खेरांकडे होता.

वादाचा गाभा नोकरभरतीत होता. केंद्राची परीक्षा हिंदीत झाली, तर अलाहाबादचा मुलगा घरच्या भाषेत उत्तरं लिहिणार आणि मदुराईचा मुलगा शिकून घेतलेल्या. सरकारी नोकऱ्यांतले बिगरहिंदी लोकांचे न्याय्य हक्क आयोगाने लक्षात घ्यावेत, असं घटनेनंच बजावलं होतं. बहुमताने परीक्षेत हिंदीचा पर्याय पुरेशी पूर्वसूचना देऊन आणावा असं म्हटलं. इंग्रजीच्या जागी हिंदी आणण्याची घटनेतली १९६५ ची मुदत पाळता येईल का, यावर मात्र मत दिलं नाही.

दोघांना हे पटलं नाही. सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन. हे हिंदीद्वेष्टे असते तर गोष्ट वेगळी होती. चटर्जींनी पूर्वी स्वतः रोमन लिपीतल्या सोप्या हिंदुस्थानीचा पुरस्कार केला होता. १९३८ मध्ये मद्रासच्या शाळांत हिंदी सक्तीची झाली, तेव्हा सुब्बरायन राजाजींच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होते. त्या सक्तीचा भडका त्यांनी सत्तेत बसून पाहिला होता. अशा माणसांनी घाई नको म्हणून लिहून दिलेलं मत माझ्या दृष्टीने साऱ्या अहवालात सर्वांत वजनदार आहे. ते अहवालाच्या शेवटी जोडलं गेलं आणि तिथंच राहिलं.

अहवाल संसदेपुढे आला तेव्हा बाळासाहेब हयात नव्हते. मार्च १९५७ मध्ये ते गेले. पुढे गोविंद वल्लभ पंतांच्या अध्यक्षतेखाली तीस खासदारांच्या समितीने तो तपासला आणि १९५९ मध्ये सूर बराच मऊ केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेहरूंनी लोकसभेत शब्द दिला, की बिगरहिंदी लोकांना हवी असेल तोवर इंग्रजी राहील. तरीही मुदत जवळ आली तसा मद्रासचा विश्वास उडाला. १९६५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तरुणांनी अंगावर तेल ओतून जाळून घेतलं, आणि सी. सुब्रमण्यम व अळगेसन या केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले.

नेहरूंचा शब्द कायद्यात उतरायला राजभाषा कायद्याची १९६७ ची दुरुस्ती यावी लागली. तिच्यानुसार हिंदी राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठराव केल्याशिवाय इंग्रजीचा वापर थांबवता येत नाही. त्या राज्यांत महाराष्ट्रही आहे.