मासा टाकीएवढाच राहतो का?

पिंपळगाव बसवंतहून एका वाचकाने विचारलं आहे : 'घरी तीन फुटी फिश टँक आहे. शार्कची जोडी आणली तेव्हा दोन-दोन इंचांची होती. आता फुटाच्या आसपास झाली आणि दिवा लावला की काचेवर धडकते. टाकी जेवढी तेवढाच मासा वाढतो, असं दुकानदार म्हणाला होता. हे खरं का? आणि आता टाकी घ्यायची तर केवढी?'

दुकानदाराचं हे वाक्य महाराष्ट्रात कुठेही ऐकायला मिळतं. ते साफ खोटं असतं तर बरं झालं असतं. त्यात चिमूटभर सत्य आहे, म्हणून ते टिकून आहे.

आधी तुमच्या शार्कविषयी. तो शार्क नाही, पंगस आहे. मागूरसारखाच मिशीवाला, बिनखवल्याचा, मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांचा. लहानपणी अंगावरचे चंदेरी-काळे पट्टे आणि पाठीवरचा ताठ पर यांमुळे शार्कसारखा दिसतो एवढंच. हॉटेलात 'बासा' म्हणून जे पांढरंशुभ्र, बिनकाट्याचं फिले ताटात येतं ते आपल्याकडे बहुतेक वेळा याच माशाचं असतं. १९९५-९६च्या सुमारास तो बांगलादेशातून पश्चिम बंगालमध्ये आला. आज महाराष्ट्रातल्या धरणांतले पिंजरे आणि शेततळी इथपर्यंत पोचला आहे. तळ्यात वर्षभरात तो किलोच्या पुढे जातो. मोकळ्या नदीतल्या पंगसाची नोंद १३० सेंटिमीटर आणि ४४ किलोंची आहे. त्याचा सख्खा चुलत भाऊ, मेकाँगचा महाकाय मासा, २००५मध्ये थायलंडमध्ये जाळ्यात सापडला तो २९३ किलोंचा होता.

दुसरं उदाहरण रूपचंदचं. नाशिकच्या मासळीबाजारात दिसणारा हा गोल, चपटा मासा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याचीच पोटाशी लालसर असणारी पिल्लं फिश टँकच्या दुकानात 'पाकू' म्हणून, कधी कधी तर बेधडक 'पिरान्हा' म्हणून विकली जातात. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की टाकीची मापं काढण्याआधी मासळीबाजारात एक चक्कर मारा. दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीतलं पिल्लू मोठेपणी काय होणार, ते तिथे बर्फावर मांडलेलं असतं.

आता त्या चिमूटभर सत्याकडे. ते आधी सापडलं माशात नाही, गोगलगायीत. कार्ल झेंपर हा जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गचा प्राणिशास्त्रज्ञ. तरुणपणी काही वर्षं फिलिपाइन्समध्ये प्राणी गोळा करत हिंडलेला. १८७०च्या दशकात त्याने तळ्यातल्या गोगलगायीच्या अंड्यांचा एकच पुंजका घेतला, म्हणजे सगळी भावंडं. ती वेगवेगळ्या आकाराच्या भांड्यांत वाटली. कुणाच्या वाट्याला शंभर मिलीलिटर पाणी, कुणाच्या वाट्याला दोन लिटर. ऊब सारखी, खाणं भरपूर. दोनेक महिन्यांनी पाहिलं तर जास्त पाण्यातल्या भावंडाचा शंख लहान भांड्यातल्याच्या कितीतरी पट मोठा! झेंपरने निष्कर्ष काढला, की पाण्यात वाढीला लागणारं एखादं अज्ञात द्रव्य असावं आणि लहान भांड्यात ते लवकर संपत असावं.

निष्कर्ष चुकला, पण प्रयोग इतका देखणा होता की पुढची कित्येक वर्षं लोक त्याच्याशी भांडत राहिले. मला त्यातला सगळ्यांत आवडतो तो आंरी द व्हारिन्यी हा फ्रेंच अभ्यासक. त्याने १८९०च्या दशकात बुडाला मलमलीचं कापड बांधलेली काचेची नळी मोठ्या भांड्यात बुडवली आणि गोगलगायीचं एक पिल्लू नळीत, दुसरं बाहेर ठेवलं. पाणी दोघांना एकच, कारण ते मलमलीतून ये-जा करतं. तरी नळीतलं पिल्लू खुजंच राहिलं. मग पाण्यातल्या गूढ द्रव्याचं काय? त्याचं म्हणणं पडलं, की हिंडायला जागा नाही, म्हणून वाढ नाही. त्यानंतरच्या अभ्यासकांनी खाणं, विष्ठा, गर्दी असे एकेक धागे वेगळे काढले आणि झेंपरचं अज्ञात द्रव्य मोडीत निघालं. वाढ खुंटते ती काहीतरी संपल्यामुळे कमी आणि काहीतरी साचल्यामुळे जास्त. आज फिश टँकच्या गप्पांत 'टाकीएवढा मासा' हे वाक्य रोज बोललं जातं, पण झेंपरचं नाव कुणी घेत नाही.

माशांच्या बाबतीत काय होतं ते जाणून घ्यायला जर्मनीला जायची गरज नाही, आंध्र पुरेसं आहे. तिथले मत्स्यशेतकरी रोहू-कटल्याची बोटुकली लहान तळ्यात मुद्दाम दाटीवाटीने, जेमतेम खाद्यावर महिनोन्‌महिने ठेवतात. वय वर्षाचं होतं, वजन शे-दीडशे ग्रॅमवर अडकतं. मग हीच खुरटलेली पोरं मोठ्या तळ्यात सोडून भरपूर खायला घातलं, की ती असा काही वेग घेतात की थोड्याच महिन्यांत विक्रीच्या वजनाला येतात. या भरपाईच्या वाढीवर तिथला मोठा धंदा उभा आहे.

म्हणजे मासा टाकीचं माप घेऊन आपलं अंग बेतत नाही. त्याची वाढ रोखली जाते. अपुरं खाणं, साचलेला अमोनिया आणि गर्दीचा सततचा ताण यांनी कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढतं, भूक मरते, वाढीच्या संप्रेरकांचं काम मंदावतं. तरीही फिल्टर चांगला, पाणी बदलणं नियमित आणि खाणं पोटभर असेल तर मासा लहान टाकीतही वाढत राहतो. तुमच्या घरी हेच झालं आहे. तुम्ही निगा नीट राखलीत, म्हणून दुकानदार खोटा पडला. (याच्या उलट टोकाची एक दंतकथाही फिरते, की शरीर थांबतं पण आतले अवयव वाढत राहतात आणि शेवटी मासा फुटतो. तिला पुरावा नाही. भीती घालून का होईना लोक मोठी टाकी घेतील, म्हणून ती सांगितली जात असावी.)

पंगसाची आणखी एक खोड आहे. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की तो वर येऊन हवा गिळतो. त्याची हवेची पिशवी फुप्फुसाचंही काम करते. त्यामुळे दुसरा मासा मेला असता अशा पाण्यात तो जिवंत राहतो आणि टाकी पुरेशी आहे असा आपला समज होतो. काचेवर धडकणं हा मात्र त्याचा खरा जबाब आहे. हा कळपाने, लांबवर पोहणारा आणि अतिशय बुजरा मासा आहे.

आता मापाचं गणित. 'इंचाला एक गॅलन', म्हणजे माशाच्या दर इंचाला सुमारे चार लिटर पाणी, हा नियम अजूनही सांगितला जातो. तो इंचभराच्या टेट्रासाठी ठीक आहे. मोठ्या माशाला तो का लागू पडत नाही, हे पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदाराला मी सांगायला नको. मणी सोळा मिलिमीटरचा अठराचा झाला तर वजन दोन मिलिमीटरच्या हिशेबाने वाढत नाही, जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. माशाचंही तसंच. दोन इंचांचा ऑस्कर मासा बारा इंचांचा झाला म्हणजे लांबी सहापट, पण वजन २१६ पट! प्राणवायूची गरज वजनाइतकी चढत नाही, तरी ती सत्तरपटीच्या घरात जाते. जुन्या नियमाने त्याला अठ्ठेचाळीस लिटर पुरायला हवेत. पण दोन फूट बाय एक फूट बाय एक फुटाच्या टाकीत यापेक्षा जास्त पाणी मावतं आणि तिची रुंदी माशाच्या लांबीएवढीच असते. त्याने वळायचं कसं?

आणि पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? २५ अंशांना लिटरमागे आठेक मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. हवेत तो तीसपटीहून जास्त असतो. पिंपळगाव समुद्रसपाटीहून बरंच उंच, त्यामुळे इथे आणखी थोडा कमी. तो पाण्यात शिरतो वरच्या पृष्ठभागातून. उंच, अरुंद, शोभेची टाकी दिवाणखान्यात छान दिसते आणि माशाला सगळ्यांत कमी उपयोगाची असते. लिटर तेवढेच असले तरी पसरट टाकी श्वासालाही बरी आणि वळायलाही.

इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, टाकीत एकूण किती पाणी आहे यावर नाही. सहा फूट लांब आणि दोन फूट उंच काचेला पाणी सुमारे ३४० किलोंच्या जोराने बाहेर ढकलतं. मागची काच एका फुटावर असो की दहा फुटांवर, या आकड्यात फरक पडत नाही. म्हणजे टाकीची रुंदी वाढवल्याने समोरची काच जाड करावी लागत नाही. उंची वाढवली की मात्र लागते. काचवाल्याकडे जाल तेव्हा उंची दोन फुटांवर रोखा आणि पैसे रुंदीवर घाला.

मोठ्या माशांसाठी मी धरतो तो हिशेब असा, की पूर्ण वाढीच्या माशाच्या किमान चौपट लांबी आणि माशाच्या लांबीपेक्षा जास्त रुंदी. एका ऑस्करसाठी चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे अडीचशे लिटर, ही खालची मर्यादा. फ्लॉवरहॉर्नलाही तेवढीच, आणि तो एकटाच ठेवायचा. सिल्व्हर अरोवाना चार-पाच इंचांची विकतात. टाकीत ती दोन-अडीच फुटांची होते आणि अॅमेझॉनमध्ये झाडावरचे किडे पाण्याबाहेर झेप घेऊन टिपते. तिला आठ फूट बाय तीन बाय दोन आणि वर घट्ट झाकण, म्हणजे तेराशे लिटरांहून जास्त. धनलाभासाठी अरोवाना ठेवा असं सांगणारे या टाकीचा खर्च सांगत नाहीत. त्यातही आशियाई अरोवाना सायटीस या वन्यजीव-व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने २०२२च्या वन्यजीव कायदादुरुस्तीनुसार तिची नोंदणी करावी लागते. शेपटी लाल असलेला 'रेडटेल' तर चार फुटांच्या पुढे जातो. त्याच्यासाठी टाकीचं माप मी सांगणार नाही, कारण तो घरात ठेवायचा मासाच नव्हे.

वजनाचं विसरू नका. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत ६८० लिटर पाणी मावतं. काच आणि स्टँड धरून साडेआठशे किलो, आणि तेही जेमतेम एका चौरस मीटरवर. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला २०० किलोंचा वापरभार धरून बांधतात. भार आजूबाजूला पसरतो, त्यामुळे स्लॅब लगेच खाली येणार नाही. तरी अशी टाकी तळमजल्यावर, नाहीतर इंजिनिअरला विचारून तुळईवर, भिंतीलगत.

तुमच्या निफाड तालुक्यात आणखी एक अडचण आहे, थंडीची. डिसेंबर २०१८मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा १.८ अंशांवर उतरला होता. मेकाँग आणि अॅमेझॉनच्या माशांना चोवीस ते अठ्ठावीस अंश लागतात. इथे मोठी टाकी कामाला येते. सगळी मापं दुप्पट केली तर पाणी आठपट होतं, पण उष्णता निसटायला पृष्ठभाग चौपटच मिळतो, म्हणून ती निम्म्या वेगाने गार होते. रात्री वीज गेली तर हा फरक जिवाचा ठरतो. हीटर साधारण लिटरला एक वॅट धरतात. सहा फुटी टाकीचा हिशेब तुम्हीच करा, आणि जानेवारीच्या बिलाचाही.

मासा टाकीत मावेना की लोक काय करतात? रात्री पुलावरून सोडून देतात. मे २०२३मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात सुसरीसारख्या जबड्याचा अॅलिगेटर गार सापडला. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा, काश्मीरपर्यंत आपल्या पायांनी खासच गेला नसणार. उजनी धरणातले मच्छीमार सकर माशाने हैराण आहेत. काचेवरचं शेवाळ खायला म्हणून टँकमध्ये आणलेला, काटेरी चिलखताचा हा मासा जाळी फाडतो आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. पिंपळगावच्या पलीकडून वाहणारी कादवा पुढे नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयात गोदावरीला मिळते, आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन पंगसांसाठी टाकी घेऊ नका. त्यांना पुरेल अशी टाकी घरात मावत नाही. कादवेत तर चुकूनही सोडू नका. तालुक्यात प्लास्टिकचं अस्तर घातलेली शेततळी भरपूर आहेत. त्यातलं तीस मीटर बाय तीस मीटरचं एखादं ज्याच्याकडे आहे आणि जो आधीच पंगस पाळतो, अशा ओळखीच्या शेतकऱ्याला ही जोडी देऊन टाका. तो कधीतरी त्यांची आमटी करेल, हे मनाशी धरून द्या. रिकाम्या झालेल्या तीन फुटी टाकीत सात-आठ रोझी बार्ब ठेवा. मासा आपल्याच देशातला, टाकीत सहसा तीनेक इंचांपर्यंत वाढणारा, अठरा अंशांचं पाणी सोसणारा आणि कळपाने पोहणारा. पुढच्या वेळी दुकानात 'केवढ्याला?' विचारण्याआधी 'केवढा होतो?' हे विचारा, आणि उत्तर 'टाकीएवढा' असं आलं तर दुसरं दुकान बघा.