खाद्यमहोत्सव आणि लहान मूल

जत्रा म्हटली कीं लहान मुलाच्या डोळ्यांपुढें पहिल्यानें उभा राहतो तो खाऊ. देवदर्शन, पाळणा आणि पिपाणी हीं त्यानंतरचीं. वडील माणसांची गोष्ट फारशी निराळी नसते. फरक इतकाच, कीं त्यांच्या जिभेस आणि जठरास वर्षानुवर्षांची संवय झालेली असते, आणि मुलाच्या देहास ती अद्याप व्हावयाची असते. खाण्यापिण्याच्या मेळ्यास तान्हें किंवा रांगतें मूल न्यावें कीं न न्यावें, हा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो. त्याचें उत्तर या एका फरकांत आहे. मूल अवश्य न्यावें. मात्र मोठ्यांचा मेळा जिभेचा असला, तरी मुलाचा मेळा मुख्यतः डोळ्यांचा असावा.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत अशा प्रसंगांस तोटा नाहीं. पुसेगांवची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालच्या खंडोबाची पौषांतील यात्रा आणि तासगांवच्या गणपतीचा रथोत्सव हे जुने मेळे आहेत. त्यांच्या जोडीला आतां नवे मेळेही आले आहेत. पांचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गुरेघर येथें ईस्टरच्या सुमारास स्ट्रॉबेरीचा महोत्सव भरत आला आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि जवळचें मांघर २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. शिवाय साताऱ्याचा कंदी पेढा, सांगलीचें भडंग, तासगांवचा बेदाणा आणि हिंवाळ्यांत शेतावरचा हुरडा हे तर घरोघरचे परिचित.

यांपैकीं एकही पदार्थ मुळांत वाईट नाहीं. अपाय घडतो तो पुष्कळदां विक्रेत्याच्या हातून नव्हे, तर मायेच्या हातून. कडेवरच्या मुलाच्या तोंडांत मामा भडंगाची चिमूट घालतो, मावशी द्राक्षाचा मणी देते, आजी बोटावर मध चाटविते. प्रत्येकजण ‘एवढ्यानें काय होतें?’ असें म्हणतो, आणि मुलाच्या पोटांत एकूण काय गेलें, याचा हिशेब कोणापाशींच राहत नाहीं.

पहिली सावधगिरी दाण्याची. मुलाच्या पहिल्या दाढा दीड वर्षाच्या आंतबाहेर येतात आणि दुसऱ्या अडीच वर्षांच्या सुमारास. त्या आल्या तरी नीट चावून गिळण्याची कला अंगवळणी पडावयास आणखी कांहीं वर्षें लागतात. शिवाय लहान मुलाची श्वासनलिका फार अरुंद असते. हसतांना, रडतांना किंवा धांवतांना तोंडांतील शेंगदाणा घशाऐवजीं तींत उतरतो. म्हणून पांच वर्षांच्या आंतील मुलास अखंड शेंगदाणा, फुटाणा, लाह्या, कठीण गोळी यांपैकीं कांहीं देऊं नये. भडंगांतील दाणे वेंचून काढले, तरी एखादा राहतोच. तेव्हां तें भडंग मोठ्यांनींच खावें हें उत्तम. द्राक्ष उभें चिरून त्याच्या चार फोडी कराव्या. स्ट्रॉबेरीही बारीक करून द्यावी. मूल खातांना बसलेलें असावें.

इतकें करूनही घास अडकलाच, तर काय करावयाचें हें घरून निघण्यापूर्वींच ठाऊक असावें. मूल जोरानें खोकत असेल, तर त्यास खोकूं द्यावें. खोकला उमटत नसेल, रडतां येत नसेल, ओठ काळेनिळे पडूं लागले असतील, तर त्यास पुढें वांकवून दोन्ही फऱ्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडील भागानें पांच थापा माराव्या. तेवढ्यानें न सुटल्यास, एक वर्षावरील मुलाच्या मागें बसून बेंबीच्या किंचित् वर मूठ ठेवून पांच वेळां आंत व वर असा दाब द्यावा. वर्षाच्या आंतील बालकाचें पोट कधींही दाबूं नये. त्यास हातावर पालथें, डोकें खालीं धरून थापा माराव्या, आणि मग उताणें करून छातीच्या मध्यभागीं दोन बोटांनीं पांच वेळां दाबावें. घास सुटेपर्यंत दोन्ही क्रिया आळीपाळीनें चालूं ठेवाव्या, आणि दुसऱ्या माणसानें १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घशांत अंदाजानें बोट घालूं नये; त्यानें घास अधिकच खोल जातो.

दुसरी सावधगिरी मधाची. महाबळेश्वरास जाऊन मधाची बाटली आणली नाहीं, असें घर विरळा. परंतु वर्षाच्या आंतील बालकास शुद्धांतील शुद्ध मधही देऊं नये. मधांत कधीं कधीं विशिष्ट जंतूंचीं बीजें असतात. मोठ्यांच्या आंतड्यांत तीं निपचित पडून जातात. बालकाच्या आंतड्यांत मात्र रुजून विष निर्माण करतात, आणि त्यानें स्नायू लुळे पडतात. सहा महिन्यांपर्यंत तर बालकास आईच्या दुधाखेरीज कांहींच नको, पाणीसुद्धां नको.

तिसरी आणि सर्वांत व्यापक सावधगिरी पाण्याची. मेळ्यांतील पदार्थ बहुधा डोळ्यांदेखत तयार होतो. पण त्यास लागलेलें पाणी कोठून आलें, हें कोणास दिसत नाहीं. उंसाचा रस ताजा असतो, परंतु त्यांतील बर्फ, पेला बुडविलेली बादली आणि घोंगावणाऱ्या माश्या हीं ताजीं नसतात. स्ट्रॉबेरीचें फळ जमिनीलगत वाढतें व सालीसकट खाल्लें जातें, म्हणून तें स्वच्छ पाण्यानें नीट धुतल्यावांचून मुलास देऊं नये. दूध, क्रीम आणि खवा यांचे पदार्थ दोन तासांहून अधिक, आणि कडक उन्हांत तासाहून अधिक, उघड्यावर राहिले असल्यास वर्ज्य समजावे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें तात्पुरत्या दुकानदारासही नोंदणी करावी लागते, व तिचा क्रमांक चौदा अंकी असतो. तो पाहावा; परंतु क्रमांक असला म्हणजे बादलींतलें पाणी शुद्धच, असें नव्हे. मुलासाठीं उकळून गार केलेलें पाणी घरूनच न्यावें.

जुलाब लागलेच तर जलसंजीवनीची पुडी जवळ असावी. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून चमच्याचमच्यानें पाजावें. डोळे खोल जाणें, अश्रू न येणें, लघवी कमी होणें, मूल मलूल पडणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास दवाखाना गांठण्यास विलंब करूं नये.

खाण्याइतकाच विचार जागेचा करावा. वाईहून पांचगणीस जातांना पसरणीचा घाट चढावा लागतो. भरल्या पोटीं त्या वळणांतून नेलेलें मूल मेळ्यास पोंचण्यापूर्वींच हैराण होतें. मेळ्यांत तळणाची कढई मुलाच्या तोंडाच्या उंचीवर असते. भाजल्यास वीस मिनिटें गार वाहतें पाणी सोडावें. हळद सांगलीची असली तरी ती स्वयंपाकाची, भाजलेल्या कातडीची नव्हे. आणि गर्दीविषयीं या भागास वेगळें सांगावयास नको. २५ जानेवारी २००५ रोजीं वाईजवळील मांढरदेवीच्या यात्रेंत अरुंद चढावावर चेंगराचेंगरी होऊन तीनशेंच्या आसपास माणसें दगावलीं. त्यांत बायका-मुलें पुष्कळ होतीं. मूल बरोबर असतां गर्दीचा दिवस टाळावा, सकाळची वेळ साधावी, आणि वाट अरुंद होत आहे असें दिसतांच माघारीं फिरावें. मुलाच्या खिशांत पालकांचा दूरध्वनी क्रमांक असावा. चुकल्यास जागीं उभें राहावें, ही शिकवण त्यास आधींच द्यावी. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक मोठ्यांस पाठ असावे.

एवढीं बंधनें घातल्यावर मुलाच्या वाट्यास काय उरलें, असें कोणास वाटेल. खरें म्हणजे त्याचा मेळा येथूनच सुरू होतो. पानांआड लपलेलें लाल फळ स्वतःच्या हातानें खुडणें, चरकांत घातलेल्या उंसाचें चिपाड दुसऱ्या बाजूनें बाहेर पडतांना पाहणें, खवा परततां परततां पांढऱ्याचा तांबूस कसा होतो हें लांबून न्याहाळणें, हुरड्याच्या आगटीचा वास घेणें, यांत मुलास जो आनंद मिळतो, तो दहा पदार्थ चाखून मिळत नाहीं. खाण्यासाठीं त्यास एकच पदार्थ, पण त्याच्या पसंतीचा, निवडूं द्यावा. झोंपेची वेळ होण्यापूर्वीं परत निघावें.

आणि निघण्यापूर्वीं घरांत एक गोष्ट ठरवून टाकावी: त्या दिवशीं मुलाच्या तोंडांत जें जाईल, तें एकाच माणसाच्या हातून जाईल. मामा, मावशी, आजी यांस हें आधीं गोडींत सांगितलें, तर कोणी रुसत नाहीं. त्यांच्या मायेस दुसरें काम पुष्कळ असतें. मुलास खांद्यावर घेऊन मेळा दाखवावयास कोणी तरी हवाच असतो.