मागच्या चाकाचे तेल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या आखावर लेख लिहावा याचे संपादक मंडळालाही नवल वाटले. पण आमच्या घरचा जमाखर्च गेली बारा वर्षे एका पिकअप गाडीच्या मागच्या दोन चाकांवर उभा आहे. काका बेळगावच्या बाजारात भाजी भरतात, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरतात आणि उजाडता उजाडता साखळीला पोचतात. खर्चाची वही माझ्याकडे असते. गेल्या पावसाळ्यात त्या वहीत एकाच दुखण्याच्या दोन नोंदी पडल्या. दुसऱ्या नोंदीच्या दिवशी मी कॉलेज बुडवून गॅरेजात बसलो होतो (संबंधित प्राध्यापकांनी क्षमा करावी). तेथे जे पाहिले ते येथे मांडतो.

सुरुवात अशी झाली. काका एक दिवस परतले ते चहाही न घेता म्हणाले, "घाटात ब्रेक मारला की गाडी मागनं फिरतीय रे." आम्ही बॅटरी घेऊन खाली वाकून पाहिले. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूस टायरवर काळा, ओला पट्टा उमटला होता आणि त्यावर धूळ बसून चिखल झाला होता.

येथे पहिली गोष्ट ओळखायची ती ही की तो ओलावा कशाचा आहे. चाकाजवळ गळू शकणारी द्रवे दोन. ब्रेक ऑइल पातळ असते, ते लागले तर रंग सोलून निघतो आणि बॉनेटखालच्या बाटलीतली पातळी उतरते. आखातले गियर ऑइल दाट व चिकट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा तो वास नाकात बसला की माणूस विसरत नाही. आमच्या चाकाला तोच वास होता.

आता हे तेल तेथे आले कसे? आजोबांच्या बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असे. आख कुरकुरला की वंगण घालायचे, सांडले तर सांडले. मोटारीत तसे चालत नाही. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो पोकळ लोखंडी डेरा असतो त्याला हाउसिंग म्हणतात. त्यात इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारे दातेरी चक्र तेलात बुडून फिरत असते. तेथून डावीउजवीकडे दोन दांडे निघतात, तेच एक्सल. आमच्यासारख्या गाडीत दांड्याच्या बाहेरच्या टोकालाच चाक बोल्टांनी आवळलेले असते, म्हणजे तो दांडा चाक फिरवतो आणि मालाचे ओझेही पेलतो. टोकाला बेअरिंग, आणि तेलाने बेअरिंग ओलांडून बाहेर येऊ नये म्हणून तेथे बसवलेली रबरी राखण म्हणजे ऑइल सील. दिसायला बांगडीएवढे लोखंडी कडे. त्याच्या आतल्या कडेला रबराचा पातळ ओठ असतो आणि ओठामागे केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वळे. तो ओठ फिरत्या दांड्याला हलकेच टेकून राहतो, एवढेच त्याचे काम.

ही राखण सुटली की तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. खरा धोका तेथे आहे. रस्त्यावर दोन थेंब पडले म्हणून कोणाचे बिघडत नाही. पण तेल प्यालेला लायनर ड्रमला धरीत नाही. डावे चाक धरीत नाही, उजवे धरते, आणि दीड टन कोबी-फ्लॉवर घेऊन वळणावर उतरणारी गाडी शेपूट फिरवते. काका ज्याला "मागनं फिरतीय" म्हणत होते ते हे. त्या रात्री काकू फारशा बोलल्या नाहीत.

पहिल्या वेळी जवळच्याच एका गॅरेजात नेले. त्यांनी डाव्या बाजूचे सील बदलले, लायनर पेट्रोलने धुऊन बत्तीच्या आचेवर भाजून परत बसवले, आणि 1,450 रुपयांचे बिल दिले. त्यात सीलची किंमत 180 होती. मी वहीत "किरकोळ दुरुस्ती" म्हणून लिहून मोकळा झालो. तीन आठवड्यांत डावे चाक पुन्हा ओले, आणि आता उजवेही.

मग काकांच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री गाठले. ते कन्नड बोलतात, मराठी समजतात. त्यांनी गाडी सपाट जागेवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, पण चाकाला हात न लावता आधी हाउसिंगचा तेल भरायचा बोल्ट सैल केला. गाडी नुकतीच चालून आली होती. फुस्स असा आवाज झाला. मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "उसिरु कट्टैति, नोडप्पा." म्हणजे, श्वास कोंडलाय, बघ बाबा.

हाउसिंगच्या माथ्यावर नखाएवढी टोपी असलेली एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतली हवा तापली की तिने तेथून बाहेर पडायचे. आमच्या गाडीच्या ब्रीदरमध्ये घाटातली लाल माती सिमेंटसारखी घट्ट बसली होती. मी शास्त्र शाखेचा नसलो तरी दहावीपर्यंतचे गणित शाबूत आहे. आतली हवा 30 अंशांवरून 80 अंशांवर गेली, तर निरपेक्ष तापमान 303 वरून 353 होते. जागा तितकीच, तेव्हा दाब सुमारे एकषष्ठांशाने वाढला. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ग्रॅमच्या वर जादा रेटा, आणि तो चाकांकडच्या दोन्ही सीलांवर. नवे सील नितळ दांड्यावर असेल तर एवढे सोसतेही, पण ओठाखाली खाच असेल तर तेलाला वाट मिळालीच. गाडी पाण्यात थांबून थंड झाली की उलटे होते. आत ओढ निर्माण होते आणि पाणी शिरते. आमचे जुने तेल भांड्यात काढले तेव्हा ते दुधाच्या चहासारखे दिसत होते.

खाचेचेही तसेच निघाले. ड्रम काढून, मागचे चार नट सोडून, दांडा ठोकून बाहेर ओढला. मिस्त्रींनी त्यावरून नख फिरवले आणि माझेही फिरवायला लावले. जेथे ओठ घासतो तेथे नख अडकले. वर्षानुवर्षे रबर आणि धूळ मिळून लोखंडालाही कापतात, हे मी तेव्हा प्रथम पाहिले. पहिल्या गॅरेजाने नवे सील त्याच खाचेवर बसवले होते. त्यात बेअरिंगला लाग आली होती, दांडा वरखाली हलत होता. हलणाऱ्या दांड्यावर कोणतेच सील टिकत नाही.

दोन्ही बाजूंची बेअरिंगे बदलली. ती दांड्यावर एका कड्याने घट्ट जखडलेली असतात. ते कडे छिन्नीने तोडावे लागते, जुने परत वापरायचे नाही, आणि नवे प्रेसवरच चढवायचे. दांड्याच्या खाचेवर पातळ स्टीलची बाही चढवली. त्यानंतर सील. त्याची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठाला बोटाने तेल लावायचे, कोरडे बसवले तर पहिल्याच किलोमीटरला ओठ जळतो. हातोडीने एका कडेवर मारायचे नाही. सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा लावून चारही बाजूंनी सारखे ठोकायचे. दांडा परत घालताना त्याचे वजन ओठावर टेकू द्यायचे नाही. या एका गोष्टीसाठी मिस्त्रींनी पोराला दोनदा ओरडले.

लायनर दोन्ही चाकांचे नवे घातले. भाजलेला लायनर वरून कोरडा दिसतो, पण घाटात तापला की पोटातले तेल पुन्हा वर येते. शेवटी नवे गियर ऑइल, कंपनीच्या पुस्तकात सांगितलेले 80 डब्ल्यू 90, जीएल 5. बोल्टच्या भोकात करंगळी घालून पाहायचे, तेल भोकाच्या खालच्या कडेला लागले की बस. जास्त भरले तर तेही सीलवरच येते.

बिल 5,900 झाले. दोन दिवस गाडी उभी राहिली, भाजीच्या दोन खेपा गेल्या. मी घरी येऊन मागची पाने उलटली. ब्रीदर साफ केल्याची नोंद बारा वर्षांत एकही नव्हती. साहजिकच आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि वहीत पैशाशिवाय काही लिहिले जात नाही.

मिस्त्रींनी ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक वर चेसीला, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर बांधून दिले. परत येताना काकांनी मोकळ्या रस्त्यावर दोनदा जोरात ब्रेक मारून पाहिला. गाडी सरळ थांबली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते चोर्ल्याला गेले, आणि संध्याकाळी गाडी लागताच काकूंनी स्वतः बॅटरी घेऊन दोन्ही चाकांच्या आत वाकून पाहिले. टायर कोरडे होते.