मार्गाची नोंद आणि मार्गाचा शेवट
सिम्बॉलिक लिंक, म्हणजेच सांकेतिक दुवा, ही अशी विशेष फाइल असते की जिच्यात दुसऱ्या फाइलचा किंवा फोल्डरचा केवळ मार्ग नोंदवलेला असतो. मूळ फाइल काढून टाकली तरी दुवा उरतो, जसा गणेशगुडीच्या धरणाने काळी नदी अडवल्यावर बुडालेल्या सुपे गावाचा पत्ता जुन्या कागदांत उरावा. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये आलेली ही सोय लिनक्स व मॅकओएसवर सामान्य वापरकर्त्यालाही मिळते. विंडोजमध्ये ती व्हिस्टापासून आली, परंतु तेथे दुवा तयार करण्यास एरवी प्रशासकाचे अधिकार किंवा विंडोज १० मधील ‘डेव्हलपर मोड’ लागतो. त्यामुळे असा दुवा तयार करणारी, लिनक्सवर उत्तीर्ण होणारी चाचणी, प्रोग्रॅम निर्दोष असूनही, विंडोजवर नापास होऊ शकते. मॅकओएसवर तर ‘टीएमपी’ हे तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर स्वतःच दुवा असल्याने एकाच जागेचे दोन मार्ग जुळत नाहीत. म्हणून चाचणीने आधी दुवा तयार करून पाहावा, तो न झाल्यास चाचणी वगळल्याची स्पष्ट नोंद करावी, मार्गांची तुलना दुवे उलगडून करावी आणि तुटलेला, म्हणजे लक्ष्य नाहीसे झालेला, दुवा स्वतंत्रपणे तपासावा, कारण फाइल आहे का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक फंक्शन दुव्याविषयी नव्हे, तर त्याच्या लक्ष्याविषयी देतात.