पेशी किती मऊ? यंत्र नाही, सॉफ्टवेअर सांगतं!

आंबा पिकलाय का, हे आपण अंगठ्याने हलकेच दाबून बघतो. शास्त्रज्ञही शरीरातल्या पेशी अशाच दाबून बघतात. फक्त त्यांचा अंगठा म्हणजे अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची अतिसूक्ष्म सुई. या चाचणीला म्हणतात इंडेंटेशन.

पेशी दाबायची कशाला?

2007 मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांच्या शरीरात साचलेल्या द्रवातून पेशी घेऊन त्या दाबून पाहिल्या. पसरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी साध्या पेशींपेक्षा 70 टक्क्यांहून जास्त मऊ निघाल्या. म्हणजे मऊपणा हीसुद्धा आजाराची खूण ठरू शकते.

आकडा येतो कुठून?

गंमत म्हणजे यंत्र मऊपणा थेट मोजतच नाही. ते दोनच गोष्टी नोंदवतं: किती जोर लावला आणि सुई किती सरकली. त्यांचा आलेख काढून, त्यावर गणिती सूत्र बसवून कडकपणाचा आकडा काढतात. त्यासाठी जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांचं 19व्या शतकातलं सूत्र आजही वापरलं जातं.

गडबड कुठे होते?

सुई पेशीला नेमकी कुठे टेकली, हे आलेखावरून ठरवावं लागतं. समजा, सुई 500 नॅनोमीटर आत गेली; पण टेकण्याचा बिंदू चुकल्याने आपण 400 धरले. सुईचं टोक गोल असेल, तर तेवढ्याच जोराला कडकपणा सुमारे 40 टक्के जास्त येतो! पेशी तीच, आकडा वेगळा.

ओपन सोर्सचा फायदा काय?

बंद सॉफ्टवेअरमध्ये हा बिंदू कसा ठरला, हे दिसेलच असं नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी त्यासाठी 'नॅनाइट' ही पायथन लायब्ररी आणि ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांच्यासाठी 'पायजाइब' हे सॉफ्टवेअर बनवलं. दोन्ही फुकट, कोड सगळ्यांसाठी खुला. टेकण्याचा बिंदू, सूत्र, आलेखाचा कोणता भाग धरला, हे सगळं बघता आणि बदलता येतं.

शिवाय नॅनाइट मशीन लर्निंगच्या मदतीने प्रत्येक आलेखाला दर्जाचे गुण देतं. त्यामुळे कोणती मोजमापं ठेवायची आणि कोणती टाकायची, हे कुणा एकाच्या मर्जीवर राहत नाही.

डेटा आणि कोड दोन्ही खुले असतील, तर दुसऱ्या देशातला विद्यार्थीही तोच आकडा पुन्हा काढून बघू शकतो. उद्या अशा आकड्यांवरून कुणाच्या आजाराचं निदान होणार असेल, तर ही फेरतपासणी व्हायलाच हवी.