ब्रिटनचे नवे दार आणि त्यातून आत आलेले
२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटिश मतदारांनी युरोपीय महासंघाबाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा प्रचारात स्थलांतरितांचा मुद्दा अग्रभागी होता. मुक्त संचाराच्या तत्त्वामुळे पोलंडचा प्लंबर वा पोर्तुगालची परिचारिका व्हिसाविना लंडनमध्ये कामाला लागू शकत असे. डिसेंबर २०२० अखेर ही सोय संपली. आयरिश नागरिकांची मोकळीक तेवढी जुन्या समझोत्यामुळे टिकून राहिली.

जानेवारी २०२१ पासून गुणाधारित पद्धत सर्व परदेशीयांना सारखीच लागू झाली. कुशल कामगाराला ७० गुण हवेत: परवानाधारक मालकाची नोकरी व कामाचा दर्जा यांचे प्रत्येकी २०, इंग्रजीचे १० आणि उरलेले २० मुख्यत्वे पगाराचे. ‘कठोर’ म्हणून मिरवलेली ही पद्धत युरोपबाहेरच्यांना प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा सैल होती. पदवीच्या दर्जाच्या कामाची अट बारावीच्या पातळीवर आली. वर्षाला २०,७०० व्हिसांची कमाल मर्यादाही स्थगित झाली. याचा गाजावाजा अर्थातच झाला नाही.

नियंत्रण हाती आले, पण माणसांची गरज कमी झाली नव्हती. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना कमी पगारात स्थानिक कर्मचारी मिळेनात, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये शुश्रूषा-सेवकांनाही व्हिसा खुला झाला. विद्यार्थी आले; युक्रेन आणि हाँगकाँगमधूनही लोक आले. जून २०२३ अखेरच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या घरात पोहोचले. युरोपीयांची जागा मोठ्या प्रमाणात भारतीय व नायजेरियन नागरिकांनी घेतली होती.

मग दार लोटण्यास सुरुवात झाली. २०२४ मध्ये बहुतेक विद्यार्थ्यांना आणि शुश्रूषा-सेवकांना कुटुंबीय आणण्यास मनाई झाली. २५,६०० पौंडांवर सुरू झालेली वेतनाची सर्वसाधारण अट जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर गेली, पदवी-दर्जाची अट परतली आणि शुश्रूषेसाठी परदेशातून थेट भरती थांबली. जून २०२५ अखेरच्या वर्षात निव्वळ आकडा सुमारे २ लाखांवर आला.

या चढउताराची खरी झळ आधीच पोहोचलेल्यांना बसते. पोलंडचा प्लंबर मालक न पटल्यास दुसऱ्या दिवशी नोकरी बदलू शके. व्हिसावर आलेल्या शुश्रूषा-सेविकेचा मुक्काम मात्र मालकाच्या परवान्याशी बांधलेला असतो. गैरप्रकारांमुळे असे शेकडो परवाने रद्द झाले. परवाना मालकाचा जातो. नवा मालक शोधण्यासाठी सामान्यतः ६० दिवसांची मुदत मात्र सेविकेला मिळते.